बोडिलबाईंची चौथी सर्व्हिस

बोडिलबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या वाफेत. कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या कम्युनिटी सेंटरच्या किचनमध्ये मराठी मंडळाच्या मीटिंगसाठी चहाचं पाणी ठेवायला गेले, तर किटली आधीच कोणीतरी बळकावलेली. एक उंच, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या बॉयकटची बाई किटलीच्या तोंडावर एक लांब नळकांडं धरून उभी होती आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती. मला वाटलं, बाईंना सर्दी झाली असेल, वाफारा घ्यायची ही काहीतरी युरोपातली पद्धत असेल. मी विचारलं, "आर यू ओके?" त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं. वीसपर्यंत मोजून झालं, नळकांडं उलटं केलं, पुन्हा वीस मोजले, झाकण लावलं आणि मग म्हणाल्या, "पिसं आहेत. हिवाळ्यात यांना तहान लागते."

तो बॅडमिंटनच्या शटलचा डबा होता. आमच्याकडे नोव्हेंबरात हीटिंग सुरू झालं की हॉलमधली हवा पापडासारखी कोरडी होते, शटलची पिसं कडक होतात आणि दोन फटक्यांत मोडतात. आदल्या दिवशी वाफ दाखवून डबा बंद ठेवला तर ती लवचीक राहतात. एवढं त्यांनी मोजक्या चार वाक्यांत सांगितलं, किटली धुतली, पुन्हा भरून माझ्या हातात दिली आणि चालत्या झाल्या. मोदक सोडले तर कशालाही इतक्या मायेने वाफ देताना मी कोणाला पाहिलेलं नव्हतं.

मी मूळची नागपूरची. आमच्या गल्लीत शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून तिच्याकडे पाहुणे किती आलेत ते ओळखत. त्यामुळे अशी बाई दिसल्यावर स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. आठवडाभरात मी माहिती काढली. या डेन्मार्कच्या. एके काळी त्यांच्या देशाकडून डबल्स खेळलेल्या. लग्न करून कॅनडात आल्या, नवरा काही वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही. आता दर रविवारी आमच्याच सेंटरमध्ये मुलींना बॅडमिंटन शिकवणार होत्या. माझी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला घरातून बाहेर काढायला मी निमित्तच शोधत होते.

बाई सायकलने यायच्या. बारा महिने. आम्ही मंडळी नोव्हेंबरात गाड्यांना विंटर टायर्स लावायला धावायचो, तेव्हा बाईंनी सायकलला खिळ्यांचे टायर लावलेले असायचे. दहा वाजता त्या बाकावर बसून काळ्या राय ब्रेडचा एक तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवून काट्या-सुरीने खायच्या, आणि तेवढी दहा मिनिटं कोणी कितीही महत्त्वाचं बोलायला आलं तरी ते बोट वर व्हायचं. केस त्या स्वतःच कापत असाव्यात, कारण डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा अर्धा इंच लांब असायची. बाई म्हणजे शिक्षिका या अर्थाने आम्ही त्यांना बोडिलबाई म्हणू लागलो, आणि तो आपल्या नावाचाच भाग आहे असं समजून त्याही काही महिन्यांनी ईमेलखाली 'बोडिलबाई' अशी सही करू लागल्या. त्यांचं बोलणं अर्थातच सगळं इंग्रजीत, शब्दांची टोकं गिळून टाकणारं; इथे मी ते आपल्या मराठीत देते आहे.

आम्हा आईबापांना त्यांनी पहिल्याच दिवशी गॅलरीत बसवलं. "हॉलमध्ये दोनच आवाज हवेत. शटलचा आणि बुटांचा." मुली सामना खेळून आल्या की आम्ही विचारणार, जिंकलीस का? बाई विचारायच्या, "काय पाहिलंस?" समोरचीचा बॅकहँड कच्चा आहे, ती दमली की आधी कमरेवर हात ठेवते, असं काही सांगता आलं तर हरलेल्या मुलीलाही त्या जवळ बसवून घ्यायच्या. काहीच सांगता आलं नाही तर जिंकलेलीलाही म्हणायच्या, "मग तू तिथे नव्हतीसच." कौतुकाची त्यांची कमाल मर्यादा होती 'वाईट नाही'. आमच्यातल्या पुणेकरांना मात्र ते लगेच कौतुक म्हणून ओळखता आलं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष देशकर काका हे असेच एक पुणेकर. आपण तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलो आहोत असं ते प्रत्येकाला एकदा तरी सांगत. एका रविवारी त्यांनी बाईंना आग्रहच धरला, "एक गेम होऊन जाऊ दे मॅडम, फ्रेंडली." बाई तयार झाल्या. पण म्हणाल्या, "सर्व्हिस तुम्ही करा. सगळ्या." काकांना हा आपल्या वयाचा मान वाटला. त्यांनी सगळ्या सर्व्हिस केल्या आणि एकवीस शून्यने हरले. बाई जागच्या फारशा हलल्याही नव्हत्या. काका घामाघूम होऊन गॅलरीत आले आणि म्हणाले, "बाई चांगल्या आहेत, पण सर्व्हिस का केली नाही कळलं नाही."

मला ते तेव्हा चटकन जाणवलं आणि मग ते मी बघतच राहिले. बोडिलबाई सर्व्हिस करत नसत. कधीच नाही. मुलींना सराव देताना त्या शटल हाताने फेकायच्या, एका दमात पन्नास-पन्नास, अगदी हव्या त्या जागी. स्मॅश दाखवायच्या, ड्रॉप दाखवायच्या, साठीच्या पायांनी कोर्टाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात झरझर जाऊन दाखवायच्या. सर्व्हिस शिकवायची वेळ आली की मात्र कॉलेजातल्या एका मुलीला बोलवायच्या, आणि स्वतः त्या वेळात शटलचे डबे लावत बसायच्या. मी मुक्ताला एकदा गाडीत विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येस आई, शी डझंट सर्व्ह. एव्हरीबडी नोज. इट्स लाइक, अ थिंग. डोंट आस्क हर."

आता मला असं सांगितल्यावर काय होणार? विचारलं नाही, पण शोधलं. इंटरनेटवर एका डॅनिश पानावर बाईंच्या कारकिर्दीचा तक्ता सापडला. फोनने त्याचं भाषांतर केलं, तेही शब्द इकडचे तिकडे करून. नऊ वर्षांच्या असल्यापासून एकच पार्टनर: मेटे. आधी गावच्या क्लबात, मग ज्युनिअर, मग देशाच्या टीममध्ये. उपांत्य फेरी, उपांत्य फेरी, विजेत्या, विजेत्या, आणि मग युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेची फायनल. तिथे तक्ता संपला होता. बाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या. दुखापत नाही, निरोपाचा सामना नाही, काही नाही. रंगात आलेली बाई गाणं मध्येच सोडून उठून जाते तसं ते वाटत होतं.

मुक्ता चौदाची झाली तोवर बऱ्यापैकी खेळू लागली होती. पण सर्व्हिसला शटल ठरावीक उंचीच्या खालीच मारावं लागतं, आणि तिचा हात वर जायचा. ओटावाला एका स्पर्धेत सर्व्हिसकडे बघणाऱ्या पंचाने, तो नेटजवळ बुटक्या खुर्चीत बसतो, तिला लागोपाठ दोनदा फॉल्ट दिला. मी गॅलरीतून उतरून थेट त्याच्याकडे निघाले होते. आमच्या पोरीची सर्व्हिस खालून होती, मला वरून स्वच्छ दिसत होतं. मध्येच माझं कोपर कोणीतरी घट्ट धरलं. बोडिलबाई होत्या.

"पंच खोटं बोलायला बसलेले नसतात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण चुकू तर शकतात?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि मग, "बहुतेक."

एवढं बोलून माझं कोपर सोडलं आणि कोट न घेताच दरवाजा उघडून बाहेर गेल्या. बाहेर उणे अठरा होतं. पंधरा मिनिटांनी परत आल्या तेव्हा कान लालभडक झालेले होते. चार वर्षांत बाईंच्या तोंडून ऐकलेला तो पहिला 'बहुतेक'.

त्या वर्षी बाईंच्या चार मुली प्रांताच्या स्पर्धेपर्यंत पोचल्या, त्यांतल्या तीन आपल्या मराठी घरातल्या. मग काय, मंडळाने संक्रांतीच्या कार्यक्रमात बाईंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पडद्यावर 'जीवनपट'. जीवनपटाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण माहिती माझ्याकडे असते हे सर्वांना माहीत आहे.

आणि मला तो खजिना मिळाला. त्या शेवटच्या फायनलचा व्हिडिओ. कोणा डॅनिश माणसाने जुन्या टेपवरून टाकलेला. ऑफिसात लंचच्या वेळात, आवाज बंद ठेवून मी तो पाहिला. सत्तावीस वर्षांच्या बोडिलबाई, लांब वेणी, गोरापान घामेजलेला चेहरा. शेवटच्या पाच-सात मिनिटांत तर कॅमेरा सारखा त्यांच्यावरच. त्यांची सर्व्हिस दाखवतात, मग तीच बाजूने स्लो मोशनमध्ये दाखवतात, मग त्यांचा चेहरा. पुन्हा सर्व्हिस, पुन्हा स्लो मोशन, पुन्हा चेहरा. माझा साधा हिशोब: कॅमेरा जिच्यावर, ती हिरॉइन. म्हणजे याच सर्व्हिसच्या जोरावर बाईंनी फायनल मारली असणार. तक्त्यातल्या त्या स्पर्धेपुढच्या शब्दाचं भाषांतर फोनने 'दुसरे चांदी' असं काहीतरी केलं होतं. चांदी झाली यातच मी खूश होते. मी नेमकी तेवढीच मिनिटं कापून घेतली आणि डॅनिश बडबड कोणाला कळणार म्हणून तिच्यावर ढोल-ताशा चढवला.

कार्यक्रम दुपारचा होता. हॉलमध्ये दीडशे माणसं. बाई निळा ड्रेस घालून आल्या होत्या आणि केसांच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. खांद्यावर शाल, हातात नारळ, असं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. दिवे गेले, ढोल वाजला आणि पडद्यावर बाईंनी पहिली सर्व्हिस केली. टाळ्या. स्लो मोशन. टाळ्या. दुसरी सर्व्हिस. देशकर काकांनी तर शिट्टीच मारली.

पुढे जमिनीवर बसलेल्या मुलींमधून मुक्ता अचानक उठली. अंधारात माणसं ओलांडत माझ्याजवळ आली. "आई, स्टॉप इट. दे आर फॉल्टिंग हर. लुक ॲट द सर्व्हिस जज. आई, प्लीज!"

मी पाहिलं. बुटक्या खुर्चीतल्या पंचाचा हात वर होता. प्रत्येक सर्व्हिसला तो वर जात होता, आणि आमचं मंडळ प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होतं. आवाज बंद ठेवला नसता तर मुख्य पंचाचा 'फॉल्ट' शब्द मला ऑफिसातच ऐकू आला असता. अंधारात व्हिडिओ थांबवायचं बटण सापडेना. थांबला तेव्हा पडद्यावर बाईंचा तो तरुण चेहरा होता, आणि तो जिंकणाऱ्या माणसाचा नव्हता हे आता बघणाऱ्या कोणालाही कळलं असतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही बाई आता शाल खुर्चीवर ठेवून निघून जाणार, आणि आपल्या मुलींना पुन्हा दिसणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

बोडिलबाई उठल्या. नारळ देशकरकाकूंच्या मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे चालत गेल्या.

"संगीत बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा लावा. पहिल्यापासून."

मी माफी मागायला लागले. बोट वर झालं.

"हा सामना मी खेळले आहे," त्या दीडशे लोकांना म्हणाल्या. "पाहिलेला नाही. कधीच नाही." मग शांतपणे, जसं त्या शटलच्या वाफेबद्दल बोलल्या होत्या तसंच, त्यांनी सांगितलं. त्या काळी शटल कमरेच्या खाली मारावं लागे, आणि कंबर म्हणजे शेवटची बरगडी. सर्व्हिस हातात असेल तरच पॉइंट मिळे, फॉल्ट झाला की सर्व्हिस गेली. तिसऱ्या गेममध्ये पंचाने त्यांना चार वेळा फॉल्ट दिला. त्या हरल्या. कपडे बदलायच्या खोलीत मेटे म्हणाली, तुझा हात वर जातोय हे तुला माहीत होतं. तू फसवत होतीस आणि मला त्यात ओढलंस. बाई म्हणाल्या, पंच आंधळा होता. अठरा वर्षं एकत्र खेळलेल्या मैत्रिणी एकाच आगगाडीतून वेगवेगळ्या डब्यांत बसून घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात सरावाला बाई सर्व्हिस करायला उभ्या राहिल्या, तर शटल धरलेली बोटं उघडेनात. पुन्हा कधी उघडलीच नाहीत.

"मेटेला मी फसवलं, की मला पंचाने," बाई म्हणाल्या, "हे मला अजून माहीत नाही. लावा."

मी लावलं. पहिली सर्व्हिस बाजूने दिसली तशी थांबवली. अंधूक चित्र, सैल शर्ट, कंबर कुठे आणि शटल कुठे काही कळेना. देशकर काका म्हणाले, "खाली आहे, खाली आहे," पण ते प्रेमाने म्हणत होते. कोणी म्हणालं वर आहे. ओटावाहून आलेल्या एका इंजिनिअरने पिक्सेल मोजायची गोष्ट काढली.

तेवढ्यात देशकरकाकू नारळासकट उठल्या. मिसिसागापासून पार ब्रॅम्प्टनपर्यंत निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज काकूंनी शिवलेले आहेत. "सरका रे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मापं घेतेय. पिक्सेल म्हणे." पडद्याजवळ जाऊन त्यांनी बाईंच्या तरुण सावलीवर बोट ठेवलं. "हा खांदा. ही काख. उंच बाई आहे, धड लांब नाही, पाय लांब आहेत. म्हणजे शेवटची बरगडी इथे." मुक्ता इंग्रजीतून बाईंना सांगत गेली. काकूंचं बोट थांबलं ते शटलच्या चांगलं चार बोटं खाली. "वर आहे ग बाई," काकू हळूच म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. "दुसरी."

दुसरीही वर होती. तिसरीही. मी बाईंकडे बघत होते. त्या रडतील असं मला वाटत होतं. पण मुली सामना खेळून आल्या की त्यांनी मुलींकडून जे मागितलं होतं तेच त्या करत होत्या. बघत होत्या.

"चौथी."

चौथीत काकूंचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं, पुन्हा. मग त्या वळल्या. "ही खाली आहे," म्हणाल्या. "दोन बोटं. लिहून देते. यात पोरीने हात खाली घेतला होता, दिसतंय की. घाबरून घेतला असेल, पण घेतला होता."

मुक्ताने भाषांतर केलं. बाईंनी काकूंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि खाली पुढच्याच खुर्चीत बसल्या. "वाईट नाही," त्या काकूंना म्हणाल्या. काकूंनी नारळ परत त्यांच्या हातात दिला.

कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर बर्फाळ पाऊस पडून गेला होता. एवढ्या निसरड्यावर खिळ्यांचे टायरही चालले नसते, म्हणून सायकल सेंटरमध्येच ठेवून बाई माझ्या गाडीत बसल्या. काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. इंजिन सुरू करून मी हीटर लावला आणि पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं.

"आपण दोन मिनिटं इथेच थांबू शकतो का?" बाईंनी विचारलं. फोन काढला आणि त्यावर आकडे दाबले, तोंडपाठ. आकडे दाबून झाल्यावर बोट तिथेच अडून राहिलं.

"तिकडे रात्रीचे दहा वाजले असतील ना?" मी म्हटलं, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून.

"ती उशिरा झोपते." मग म्हणाल्या, "झोपायची, निदान."

"आणि इतक्या वर्षांनी नंबर बदलला असेल तर?"

"मेटे काही बदलत नाही."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि मांडीवरच्या शालीवर ठेवला. रिंग वाजत राहिली. सहा, सात. डॅनिश लोक फोन उचलला की हॅलो म्हणत नाहीत, आपलं नाव सांगतात. पलीकडे खट् झालं आणि एक म्हातारा, झोपाळू आवाज म्हणाला, "मेटे."

बाईंनी फोनखालची शाल मुठीत धरली. पलीकडून पुन्हा आलं, या वेळी जरा वैतागून, "मेटे."

"बोडिल," बाई म्हणाल्या.

मी स्क्रेपर घेतला आणि गाडीतून उतरले. दार हळूच लावून घेतलं. थंडी अशी होती की नाकातलं पाणी गोठत होतं. मी समोरच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागले, आधी माझ्या बाजूचा, मग त्यांच्या. तिथे हातभर जागा मोकळी झाली तशी आत बाई दिसल्या. त्या फोनकडे बघत बोलत होत्या, आणि बोलता बोलता फोनला तीन बोटं दाखवत होत्या. तीन. मग हात मुठीत आला, कमरेपाशी गेला, आणखी थोडा खाली गेला आणि तिथे थांबला. पलीकडून मेटे काय म्हणत होती मला ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी कळलं नसतं. बाई ऐकत होत्या. त्यांनी दुसरा हात तोंडावर धरला होता. कमरेखालच्या हाताची बोटं हळूहळू उघडली.

काच केव्हाच साफ झाली होती. मी खरवडत राहिले.